जुना एक्सपी आणि नवे विंडोज: एसएमबी १ की एफटीपी?
जुन्या विंडोज एक्सपी संगणकातील फोल्डर नव्या विंडोज संगणकावरून उघडायला गेले की अडचण येते: एक्सपीला एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फाइल वाटून घेण्याच्या विंडोजच्या पद्धतीची, केवळ पहिली आवृत्ती (एसएमबी १) समजते आणि २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जिच्यातील त्रुटीतून पसरला ती हीच आवृत्ती नव्या विंडोजमध्ये मुळातच बंद असल्याने, पिंगला (दुसरा संगणक नेटवर्कवर सापडतो का, हे तपासणाऱ्या आदेशाला) उत्तर मिळूनही फोल्डर उघडत नाही.

‘विंडोज फीचर्स’च्या यादीत एसएमबी १ खालील फक्त ‘क्लायंट’वर (दुसऱ्याचे फोल्डर उघडणारा भाग) खूण करून ‘सर्व्हर’ची (स्वतःचे फोल्डर इतरांना देणारा भाग) खूण काढून ठेवली, तर नवा संगणक जुन्यातील फोल्डर उघडू शकतो, स्वतःचे दार मात्र तो उघडे टाकत नाही. अनेक जण घाईत दोन्ही खुणा करतात, तिथेच खरा धोका आहे.

दुसरा पर्याय म्हणजे एफटीपी, नेटवर्कवरून फाइल पाठवण्या-आणण्याची वेगळी पद्धत. नव्या संगणकावर एफटीपी सर्व्हर चालवणे सोपे असले, तरी त्यात पासवर्ड उघडाच जातो आणि फाइल जागेवर संपादित करता येत नाही. कधीमधी फाइल हलवण्यापुरते मी एफटीपीच निवडेन. रोजच्या वापरासाठी एसएमबी १ चा क्लायंट.