पुकारायची रिक्षा: पाचपैकी चार

बेळगावात कपिलेश्वर पुलाच्या अलीकडं साऊंड सिस्टीम भाड्यानं देणारं एक छोटं दुकान आहे. डॉल्बीवाले गल्लोगल्ली मिळतात. पण कर्णा बांधलेली रिक्षा, माईक आणि पुकारणारा माणूस, असं तिन्ही एका ठिकाणी देणारे आता मोजकेच राहिलेत. मालक म्हणाले, "नाव नका लिहू बाई, आधीच फोन उचलून कान दुखूलाल्यात." म्हणून लिहीत नाही.

आमच्या स्त्रीशक्ती संघानं ही रिक्षा ग्रामसभेसाठी घेतली. सहा महिन्यांतून एकदा तरी ग्रामसभा व्हायलाच हवी असा कर्नाटकचा कायदा आहे. मतदारांचा दहावा हिस्सा किंवा शंभर माणसं, जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. आमच्याकडं त्या शंभराचीच मारामार. नोटीस पंचायतीच्या दारावर लागते, तीही कन्नडमधून. मराठी शाळेत शिकलेल्या बायका तिच्यापुढून रोज ये-जा करतात, वाचणार कोण? पोरं व्हॉट्सॲपवर टाकतात, पण घरातला एकुलता फोन नवऱ्याच्या खिशात आणि नवरा उद्यमबागच्या फाउंड्रीत सेकंड शिफ्टला.

दोन तासांचे बाराशे रुपये, पेट्रोल धरून. महाग नाही. पोलिसांची लेखी परवानगी आपण काढायची. तो कागद बघितल्याशिवाय पुकारणारे मामा रिक्षाला किक मारत नाहीत, हे मला आवडलं.

खरे पैसे वसूल होतात ते या पुकारणाऱ्या मामांमुळं. आमच्या सेक्रेटरीनं मजकूर लिहून दिला होता, 'समस्त ग्रामस्थांना कळविण्यात येते की' वगैरे. मामांनी तो वाचला, घडी करून खिशात घातला आणि विचारलं, "तुमचं भांडण कशाचं हाय, ते सांगा की." वरच्या गल्लीच्या नळाचं, म्हटलं. मग कर्ण्यातून आलं ते असं: "वरच्या गल्लीला पाणी का नाही, विचारायचंय! बुधवारी अकराला मारुतीच्या देवळापुढं या! पीडीओसाहेब समोर असणार!" पीडीओ म्हणजे पंचायतीचे विकास अधिकारी.

रिक्षा संध्याकाळी डेअरीच्या वेळेला आणा, असाही सल्ला त्यांचाच. दुधाचे कॅन घेऊन सगळ्या बायका तिथं रांगेत असतात. मामांनी तिथं ॲम्प्लिफायर बंद केला, खाली उतरले आणि नुसतंच विचारलं, "ऐकू आलं काय?" एक आजी म्हणाल्या, "ते ई-स्वत्तूच्या उताऱ्याचं बी बोलायचं काय?" म्हणजे घर-जागेचा तो ऑनलाइन उतारा. मामा म्हणाले, "बोला की, तुमचीच सभा हाय." पुढची दहा-पंधरा मिनिटं कर्णा मुका आणि बायका बोलत होत्या. नोटिशीला उलटा प्रश्न विचारता येत नाही हो!

एक तारा कापलाय तो कन्नडसाठी. खालच्या गल्लीत कन्नड बोलणारी घरं आहेत. तिथं मामा देवनागरीत लिहून आणलेलं कन्नड अडखळत वाचायला लागले तेव्हा पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. शेवटी आमच्याच संघातल्या एका कन्नड बाईंनी माईक घेतला. आधी लाजल्या, मग सोडेनात. बेळगावात धंदा करणाऱ्यानं दोन्ही भाषांचा माणूस ठेवायला नको का? शिवाय सुरुवातीला वाजणारी सनई फार मोठी आहे, तान्ही पोरं दचकून उठतात.

सभेला हजेरी भरली, बायकांची रांग तर देवळाच्या पायरीपर्यंत गेली. नळाचा विषय ठरावात आला. पाणी अजून आलेलं नाही, पण तो दोष रिक्षाच्या माथी कशाला मारू!

घ्यायची असेल तर गणपती आणि निवडणुकीचे दिवस टाळा, गाडीच मिळत नाही. आणि मजकूर फोनवर पाठवू नका, मामांसमोर बसून बोला. अर्धा तास जातो, चहा त्यांचाच असतो.