वाचनालयातलं नवं कलेचं कपाट: काही महिने वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात कलेच्या पुस्तकांसाठी वेगळं कपाट लागलं. रेखांकन, जलरंग, सुलेखन, फोटोग्राफी, शिवाय 'कलेत करिअर कसं कराल' छापाची बरीच मार्गदर्शकं. माझा धंदा डीटीपी आणि डिझाइनचा: पत्रिका, फ्लेक्स, मसाल्याच्या पुड्यांची लेबलं. भाची बारावीला आहे आणि तिला उपयोजित कलेला, म्हणजे जाहिरात-डिझाइनकडे, जायचंय. आम्ही मामा-भाचीनं मिळून ते कपाट जवळजवळ पिंजून काढलं. कुणी नाव नोंदवायच्या विचारात असेल तर हा अनुभव उपयोगी पडेल.

निष्कर्ष आधीच सांगतो. चित्र शिकवणारी पुस्तकं उत्तम. करिअर शिकवणारी बहुतेक नावालाच. आणि कलेवर घर कसं चालतं याचं सगळ्यात कामाचं उत्तर मिळालं ते मार्गदर्शकांत नाही, संदर्भ विभागातल्या एका जाडजूड चरित्रकोशात.

खर्च म्हणाल तर अनामत पाचशे रुपये, महिन्याची वर्गणी पन्नास, एका वेळी दोन पुस्तकं. बाहेरून येणाऱ्या कलेच्या एका पुस्तकाला सहज दीड-दोन हजार पडतात, तेव्हा या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

पहिली अडचण पुस्तक सापडण्याची. ड्यूई पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, ७४१ला रेखांकन, ७५१ला रंगकामाचं तंत्र, ७७०ला फोटोग्राफी, हे सगळं एका फळीवर येतं. करिअरची पुस्तकं मात्र कुणी शिक्षणात लावलीत, कुणी अर्थशास्त्रात. एक तर मला एमपीएससीच्या गाइडांमध्ये दडलेलं मिळालं. कपाट नवीन, पण त्यातलं अर्धं सामान घरभर पसरलेलं. देवघेवीच्या खिडकीवर बसणाऱ्या ताईंना विचारलं की त्या लगेच काढून देतात, संगणकावर शोधत बसण्यात अर्थ नाही. तिथे मराठी नावं दर वेळी वेगळ्या स्पेलिंगनं भरलेली आहेत.

आता पुस्तकांकडे. सगळ्यात जास्त वेळा घरी आलेलं पुस्तक म्हणजे अर्नेस्ट नॉर्लिंगचं यथार्थदर्शनावरचं, म्हणजे कागदावर जवळ-लांब कसं दाखवायचं यावरचं, 'पर्स्पेक्टिव्ह मेड ईझी'. मूळ १९३९चं, रंगाचा एक ठिपका नाही, नुसती रेघांची चित्रं. पण समजावण्याची हातोटी अशी की शाळेत भूमितीच्या तासाला डोक्यावरून गेलेलं सगळं जागेवर बसतं. आधी क्षितिजरेषा, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी, मग व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे लांब जाणाऱ्या समांतर रेघा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू, मग उतार आणि जिने. भाचीला त्यातला जिन्याचा भाग वाचून एसटी स्टँडवर पाठवलं. ती फलाटावर बाकड्यावर बसून एक चित्र काढून आली आणि तिथेच उभी राहून दुसरं. बसून काढलेल्यात समोर उभ्या माणसांची डोकी क्षितिजरेषेच्या वर गेली होती आणि छत उंच वाटत होतं. उभं राहून काढलेल्यात जवळची-लांबची सगळी डोकी एका रेषेत आली. तेव्हापासून तिच्या स्मरणचित्रांतली, म्हणजे आठवणीतून काढलेल्या प्रसंगांच्या चित्रांतली, गर्दी तरंगायची थांबली. स्मरणचित्रात मुलांचे गुण इथेच जातात. लांबचा माणूस म्हणून ते त्याला लहान काढतात आणि त्याचं डोकं कुठे यायला हवं हे विसरतात.

जलरंगात मिलिंद मुळीक यांची पुस्तकं आहेत आणि ती कायम बाहेर असतात. हे पुण्याचे. वडील प्रताप मुळीक अमर चित्र कथेचे चित्रकार. मुलाची जलरंगाची पुस्तकं पायरीपायरीनं चालतात. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट हात, मग मधल्या छटा, शेवटी गडद ठिपके. यांचा खरा फायदा म्हणजे विषय आपले आहेत. पत्र्याचं छप्पर, पावसातला रस्ता, भरदुपारचं ऊन. परदेशी पुस्तकातलं मऊ राखाडी आभाळ बघून आपल्याकडचा मे महिना रंगवता येत नाही. एकच सूचना. असले वॉश जाड कागदावरच बसतात. गावात मिळणाऱ्या कार्ट्रिज पेपरवर दुसऱ्या वॉशला लाटा येतात आणि नवशिक्याला वाटतं, चूक आपल्या हाताची आहे. निदान ३०० जीएसएमचे (हे कागदाच्या वजनाचं माप) दोन-चार कागद शहरातून मागवा, मगच पुस्तक घरी न्या.

मोठ्या आकाराची, चित्रांच्या छपाईची पुस्तकं घरी मिळत नाहीत, वाचनकक्षातच बघायची. नियम बरोबर आहे. एका पुस्तकातली दोन पानं कुणीतरी ब्लेडनं कापून नेलेली मी स्वतः पाहिली. पण वाचनकक्षातली ट्यूबलाइट निळसर आहे आणि टेबल अरुंद, त्यामुळे रंग बघायला आपण आलोय आणि रंगच दिसत नाहीत अशी गत होते. खिडकीजवळची जागा सकाळी लवकर गेलात तरच मिळते, कारण नंतर तिथे स्पर्धा परीक्षावाले दिवसभर बसतात.

छपाई हा माझा रोजचा विषय असल्यानं एक गोष्ट सांगतोच. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं दिवा हातात धरलेल्या स्त्रीचं चित्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं. कित्येक जण ते रविवर्म्याचं समजतात. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि ते जलरंगात आहे. कपाटातल्या दोन पुस्तकांत ते छापलंय. एकात बोटांच्या फटींतून येणारा उजेड केशरी, साडीच्या काठावर उतरत जाणारा. दुसऱ्यात तोच उजेड पिवळट आणि सावलीत हिरवा शिरलेला. चारांपैकी एका रंगाची शाई जास्त झाली की असं होतं, आमच्याकडे पत्रिकेवरच्या गणपतीचंही होतं. गणपतीच्या बाबतीत गिऱ्हाईक तरी ओरडतं. पुस्तकातलं चित्र बघून शिकणारी मुलं तोच हिरवा खरा मानून उतरवत बसतात. एकच चित्र दोन ठिकाणी बघितल्याशिवाय रंगांवर विश्वास ठेवायचा नाही हे भाचीला इथे शिकवता आलं, आणि घरात दोन पुस्तकं विकत घेऊन ते परवडलं नसतं.

सुलेखन आणि फोटोग्राफीची पुस्तकं ठीक आहेत. फोटोग्राफीतली काही अजून रोल आणि डार्करूममध्ये अडकलेली.

आता करिअरची मार्गदर्शकं. यांचे दोन गट. पहिला आपल्याकडचा, स्वस्त छपाईचा: अभ्यासक्रमांची नावं, कॉलेजांचे पत्ते, प्रवेश परीक्षांची माहिती. हा माल फार लवकर शिळा होतो. सर जे. जे.च्या, म्हणजे मुंबईतल्या कलाशिक्षणाच्या, संस्थांना २०२३मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. कपाटातल्या मार्गदर्शकांत त्या अजून मुंबई विद्यापीठाखालीच आहेत. पुस्तकावर नव्याकोऱ्या दाखल क्रमांकाचा शिक्का आणि आत जुनी माहिती, म्हणजे 'नवीन पुस्तकं' या पाटीला काय अर्थ राहिला? घेताना मागचं पान उलटून आवृत्तीचं साल बघा. खरेदी समितीनंही बघावं. प्रवेशाची कोणतीही तारीख, शुल्क, पात्रता पुस्तकातून घेऊच नका. राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलची आणि संबंधित संस्थेची माहितीपत्रकंच बघा.

त्यातूनही एक गोष्ट कामाची निघाली. आयआयटी मुंबई घेते ती यूसीड, म्हणजे डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा, कोणत्याही शाखेच्या बारावीच्या मुलांना देता येते, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. भाची कला शाखेची, त्यामुळे आयआयटी हा शब्द आला की आम्ही पान उलटायचो. परीक्षेचा एक भाग संगणकावर आणि एक कागदावर हातानं चित्र काढण्याचा असतो, आणि ती सलग दोनच वर्षं देता येते. हे मी नंतर अधिकृत माहितीपत्रकात ताडून पाहिलं.

दुसरा गट अमेरिकन पुस्तकांचा. छपाई गुळगुळीत, लेखन आपुलकीचं, आणि सगळा हिशोब तिकडचा. कराचे फॉर्म तिकडचे, आरोग्यविमा तिकडचा, दर डॉलरमध्ये. तिकडच्या ग्राफिक आर्टिस्ट्स गिल्ड या चित्रकार-डिझायनरांच्या संघटनेचं हँडबुक यात सगळ्यात वजनदार. त्यातल्या दरांच्या तक्त्यांचा आमच्या गावात उपयोग शून्य, पण करारांचे नमुने मात्र सोन्यासारखे. काम मध्येच रद्द झालं तर किती पैसे द्यायचे, किती बदल फुकट, मूळ फाइल कुणाची, हे सगळं आधी लिहून घ्यायचं असतं हे मला इतकी वर्षं धंदा करून सुचलं नव्हतं. ते वाचून मी कोटेशनच्या खाली दोन ओळी छापल्या: निम्मी रक्कम आगाऊ, आणि तीन बदलांनंतर प्रत्येक बदलाचे वेगळे पैसे. पहिल्याच आठवड्यात एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, "काय रे, आता आमच्याकडूनपण लिहून घेणार का?" मी म्हटलं, "काका, तुमच्यासाठी नाही, तुमच्या जावयासाठी." जावई दर वेळी फॉन्ट बदलायला लावतो हे काकांनाही माहीत होतं. हसले आणि अॅडव्हान्स देऊन गेले. सगळे असे हसत नाहीत. दोघं-तिघं दुसऱ्या दुकानात गेले ते गेलेच.

पण ही पुस्तकं वाचताना एका जागी फार जपा: कॉपीराइट. तिकडचे लेखक ठासून सांगतात की तुम्ही कुणाचे नोकर नसाल तर चित्राचा हक्क सहसा तुमचाच राहतो, तो घ्यायचा असेल तर गिऱ्हाइकानं लेखी घ्यावा. आपला १९५७चा कायदा सगळीकडे तसा चालत नाही. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा फोटो केला आणि वेगळा करार नसेल, तर कलम १७प्रमाणे पहिला मालक ते काम सांगणारा ठरतो. म्हणजे आपल्याकडे गप्प बसलं की नुकसान चित्रकाराचं. उलट कलम १९ आपल्या बाजूचं आहे. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी आणि सहीनिशी करावे लागतात, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच. इतकी साधी, इतक्या कामाची गोष्ट मराठीत सांगणारं एकही पुस्तक त्या कपाटात नाही. कुणी वकिलानं साठ पानांची पुस्तिका काढली तर मी पहिली प्रत घेईन.

आता त्या चरित्रकोशाबद्दल. 'शिल्पकार चरित्रकोशा'चा दृश्यकला खंड, संपादक सुहास बहुळकर आणि दीपक घारे. हा नवीन खरेदीतला नाही, घरी नेता येत नाही आणि बहुतेकांना तो संदर्भ विभागात आहे हेच माहीत नाही. मी चित्रकार दीनानाथ दलालांसाठी उघडला आणि मग सुट्टीच्या सकाळी तोच वाचत राहिलो. यात चित्रकार, शिल्पकार यांच्याबरोबर जाहिरात-डिझाइनवालेही आहेत, आणि नोंदींमधून कोण कशावर जगलं हे हळूहळू उलगडत जातं. दलालांनी पुस्तकांची मुखपृष्ठं केलीच, पण १९४५ला स्वतःचा 'दीपावली' अंक काढला, म्हणजे चित्र छापायला संपादकाच्या दारात उभं राहायची गरज संपवली. चित्रकार रघुवीर मुळगावकरांनी कॅलेंडर आणि मुखपृष्ठांतून आपलं चित्र घराघरांत भिंतीवर नेलं. हळदणकरांनी १९०८पासून मुंबईत स्वतःचा चित्रकलेचा वर्ग चालवला. चित्रकार म. वि. धुरंधर कोल्हापूरहून १८९०ला जे. जे.त विद्यार्थी म्हणून आले, तिथेच शिकवून १९३१ला निवृत्त झाले, आणि नोकरीबरोबर पोस्टकार्डं, जाहिराती, पुस्तकांची चित्रं चालूच होती. आजची मार्गदर्शकं 'उत्पन्नाचे अनेक स्रोत' म्हणून जे प्रकरण वीस पानं ताणतात, ते या माणसांनी शंभर वर्षांपूर्वी करून ठेवलंय, आणि तेही आपल्याच बाजारात, आपल्याच गिऱ्हाइकांबरोबर. भाचीच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, "चित्रं काढून पोट भरतं का" हा प्रश्न होता. तिला अमेरिकन पुस्तक दाखवून काही होणार नव्हतं. धुरंधरांची नोंद वाचून ती निदान ऐकून घेते. पुढचा प्रश्न अर्थात आलाच: "पण त्यांना नोकरी होती ना?" होती. त्यावरून आमच्याकडे आता एटीडी की बीएफए असा वाद चालू आहे. एटीडी हा कलाशिक्षकाचा डिप्लोमा, दोन वर्षांचा, शाळेत कलाशिक्षक होण्याची वाट. बीएफए ही कलेची पदवी, चार वर्षांची. शाळांमध्ये कलाशिक्षकाच्या जागा किती निघतात हे सांगणारं पुस्तक कुठल्याच कपाटात नाही, ते ओळखीतल्या शिक्षकांनाच विचारावं लागतं.

इलेमेंटरी-इंटरमीजिएट चित्रकला परीक्षांच्या मुलांसाठी म्हणाल तर जुन्या प्रश्नपत्रिका आणि संकल्पचित्रांचे, म्हणजे नक्षीच्या चित्रांचे, नमुने असलेली पुस्तकं आहेत, पण प्रती एकेकच. परीक्षेच्या दिवसांत त्या मिळणं अशक्य. जूनमध्येच नाव लावा. नमुन्यांतली संकल्पचित्रं मात्र एकसारखी एक आहेत, आणि मुलं ती तशीच्या तशी उतरवतात. त्यापेक्षा घरातली जुनी साडी समोर ठेवून काठाची नक्षी मोडून नवी करायला लावली तर जास्त हाती लागतं.

तारांकित मूल्यमापन हवंच असेल तर शिकवणाऱ्या पुस्तकांना साडेचार, करिअर मार्गदर्शकांना दोन, आणि तो दुसरा ताराही करारांच्या नमुन्यांमुळे. वाचनालयाच्या सूचना वहीत मी तीन गोष्टी लिहिल्यात: नॉर्लिंगची दुसरी प्रत घ्या, वाचनकक्षात एका टेबलावर तरी पांढरा दिवा लावा, आणि पाच वर्षांपेक्षा जुनी प्रवेश मार्गदर्शकं कपाटातून काढा. दिवा लागलाय. बाकीच्या दोन्हींवर 'समितीपुढे ठेवू' असा शेरा आहे, आणि समितीची बैठक मार्चमध्ये.