सोया वॅक्स म्हणून पॅराफिन मिक्स गळ्यात मारलं

"आमच्या वॅक्सला फ्रॉस्टिंग येतच नाही, प्रीमियम आहे" असं सेलर कौतुकाने सांगत असेल तर आधी शंका घ्या. मेणबत्तीचं सोया वॅक्स म्हणजे हायड्रोजनेट करून घट्ट केलेलं सोयाबीन तेल, त्यावर फ्रॉस्टिंग म्हणजे पांढरट चट्टे बहुतेक वेळा येतात, जळण्यावर काही फरक पडत नाही.

मी मेणबत्त्या बनवून विकते, त्यासाठी ऑनलाइन एकाकडून '१०० टक्के सोया' म्हणून मोठी गोणी आणि त्याचंच सेंटचं ऑइल घेतलं. आधी मागवलेलं सॅम्पल अस्सल होतं, मलईच्या रंगाचं, मऊ, बोटाला तुपासारखं लागणारं. गोणीत मात्र कडक, जरासे आरपार दिसणारे फ्लेक्स. विचारलं तर म्हणे थंडीने कडक झालंय मॅडम. आता थंडीने सोया कडक होतं हे खरंच आहे हो, म्हणून तर पटलं!

ओतल्यावर मधोमध खड्डे, कडेने वॅक्स काचेपासून सुटलेलं. कंटेनरचं (काचेच्या ग्लासात ओतायचं) सोया साधारण ४५ ते ५५ डिग्रीला वितळतं, हे ६० च्या आसपासच गोठायला लागलं. ऑइल ८ टक्के घालूनही वास नाही आणि वर तेलकट थेंब. त्यात बहुतेक डीपीजी (सेंट पातळ करायचं द्रावण) मारलेलं होतं, ते डिफ्युझरमध्ये चालतं, वॅक्समध्ये नीट मिसळत नाही. यावर सेलरचं उत्तर, "क्युअर होऊ द्या ना, सोयाला दोन आठवडे लागतात." (क्युअर म्हणजे ओतल्यावर वास मुरायला ठेवून देणं.) हेही खरंच! आणि तेवढ्यात रिटर्नची मुदत संपली. खरी डाव टाकायची जागा ही होती, बाकी सगळी टोलवाटोलवी.

साबण बनवणाऱ्या एका मैत्रिणीने त्यातला तुकडा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात शिजवला. सोया शेवटी तेलच, त्याचा साबण होतो, पॅराफिन म्हणजे पेट्रोलियमचं मेण, त्याचा होत नाही. थोडा साबण झाला आणि बाकीचं वितळून तसंच वर तरंगत राहिलं, म्हणजे मिक्स माल. (कॉस्टिक डोळ्यात उडालं तर वाट लागेल, सवय नसेल तर करू नका.)

पॅराफिन वाईट असतं असं मी म्हणत नाही, मस्त जळतं, वासही छान सोडतं. पण माझ्या लेबलवर 'सोया' छापलेलं होतं आणि लोकांनी ते वाचून पैसे दिले होते, खोटं माझ्या नावावर पडलं ना. तो सेलर आता म्हणतो रिव्ह्यू काढा, पुढच्या गोणीवर डिस्काउंट देतो. रिव्ह्यू तसाच आहे.

सेफ्टी डेटा शीट (मालाच्या सुरक्षिततेची माहिती) आणि ऑइलचं इफ्रा सर्टिफिकेट (सेंट किती वापरणं सुरक्षित ते सांगणारं) ऑर्डरच्या आधीच मागा, टाळाटाळ केली तर सोडून द्या. सॅम्पल सगळं संपवू नका, गोणी आली की दोन्ही शेजारी शेजारी वितळवून बघा, आणि क्युअरिंगचं कोणी कितीही सांगू दे, तक्रार मुदतीच्या आत टाका.