कारुसोचा बारा सीडींचा संच : वर्षभर ऐकल्यावर, पेटी (हार्मोनियम) शेजारी ठेवून

एन्रिको कारुसो म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा गाजलेला इटालियन ऑपेरा-गायक; त्याहून जास्त सांगत बसत नाही. हा संच घेऊ पाहणाऱ्यांना तेवढं ठाऊक असणारच. संचातल्या काही गाण्यांबद्दल मी विक्रेत्याकडे तक्रार केली होती; आज लिहायला बसलो ते त्याच्या उत्तरामुळे. उत्तर असं की, ध्वनिमुद्रण ऐतिहासिक असल्यानं आवाजाच्या दर्जाबद्दल तक्रार घेतली जात नाही. अहो, दर्जाबद्दल बोलतंय कोण? खरखर मला चालते. पट्टी चुकलीय, पट्टी!

‘पाल्याची’ या ऑपेरातलं ‘वेस्ती ला जुब्बा’ हे गाणं घ्या. कारुसोनं ते तीनदा मुद्रित केलं : १९०२ आणि १९०४ मध्ये पियानोवर, १९०७ मध्ये ऑर्केस्ट्रासह. मूळ स्वरलिपी ई मायनरमध्ये, म्हणजे आपली पांढरी तीन. १९०७ ची प्रत पेटीशी चोख जुळते. १९०२ ची मात्र या संचात जवळजवळ पांढरी चारला जाऊन बसलीय. त्या काळी तबकडीचा वेग ठरलेला नव्हता. सत्तरच्या आसपासपासून ऐंशीपर्यंत काहीही असायचा. ७४ ला कापलेली तबकडी ७८ ला फिरवली की आवाज अर्ध्या स्वराच्या आसपास चढतो. या लोकांनी सुरुवातीचं सगळंच ७८ ला फिरवून मोकळं केलंय असं दिसतं.

अर्ध्या स्वरानं काय बिघडतं, असं घरच्यांनीही विचारलं. पट्टी चढली की लय पळते, कंप जलद होतो आणि आवाज पातळ, कोवळा वाटू लागतो. टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचा गायक, असून खाली बॅरिटोनसारखा (मधल्या पुरुषी आवाजासारखा) भरीवपणा, हीच तर कारुसोची खूण. फिलाडेल्फियात ‘ला बोएम’ या ऑपेराच्या प्रयोगात बेस (सर्वांत खालच्या आवाजाच्या) गायकाचा आवाज बसला, तेव्हा त्याची ‘वेक्किया झिमार्रा’ ही आरिया (ऑपेरातलं एकल गाणं) कारुसोनंच गाऊन वेळ निभावली. पुढे १९१६ मध्ये ती मुद्रितही केली. संच कालक्रमानं लावलाय तो कशासाठी? एका गळ्याचं वय वाढताना ऐकावं म्हणून. सुरुवातच खोटी तरुण केली, तर १९०९ मधल्या घशाच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज किती गडद झाला, हे कशाशी ताडून बघायचं?

सर्वांत जास्त हळहळ पहिल्या सीडीची. ११ एप्रिल १९०२, मिलानमधल्या हॉटेलची खोली, ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्गचं यंत्र, दहा गाणी, मानधन शंभर पौंड. तोच गाइसबर्ग त्याच वर्षाअखेर कलकत्त्यात गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित करत होता, म्हणून आपल्या माणसांना या दिवसाचं जरा जास्तच अप्रूप. आणि नेमका तोच दिवस इथे घाईघाईत पळतो.

कंपनीच्या बाजूचंही सांगतो. पेटीवर स्वर जुळला नाही की लगेच बोंब मारण्यात अर्थ नाही, कारण कारुसो स्वतःच काही आरिया उतरवून गात असे. १९०६ मधली ‘दि क्वेल्ला पिरा’ ही आरिया त्यानं अर्धा स्वर खाली घेतलीय. ती संचात खालीच आहे, आणि ते बरोबर आहे. म्हणून चुकलेल्या पट्टीच्या गाण्यांच्या माझ्या यादीतून ती वगळली. बाकीची यादी पाठवली, तर वरचं ठरावीक उत्तर आलं.

सहा-सात महिन्यांनी मात्र माझं मत हललं. सुरुवातीला मी १९१० नंतरच्या सीडी टाळत होतो. तो आवाज जड वाटायचा. आता तेच पुन्हापुन्हा लावतो. तिथे वेगाचा घोळ जवळपास नाही आणि खरखरही फार पुसलेली नाही. ‘कोरे न्ग्रातो’ हे नेपल्सच्या बोलीतलं गाणं ऐका, १९११ चं. शेवटच्या सीडीवर सप्टेंबर १९२० मधली अमेरिकेतल्या कॅम्डेनची मुद्रणं आहेत : ‘ला ज्वीव्ह’ या ऑपेरातलं ‘राशेल’ आणि त्यानंतर दोन दिवसांनी रोस्सिनीचं ‘क्रुसिफिक्सुस’. डिसेंबरमध्ये ब्रुकलिनला गाताना त्याच्या तोंडातून रक्त आलं. तरी २४ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ‘ला ज्वीव्ह’ गायला, आणि तो त्याचा तिथला शेवटचा प्रयोग. पुढच्या ऑगस्टमध्ये नेपल्सला वारला, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. सप्टेंबरच्या मुद्रणात आजाराची चाहूल मी शोधली. सापडली नाही. गळा ठणठणीत आहे.

त्याच सीडीवर ‘भेट’ म्हणून दोन गाणी डकवलीत, १९३० च्या दशकात कारुसोच्या आवाजावर नवा ऑर्केस्ट्रा चढवलेली. जुन्या पैठणीला नायलॉनचा काठ. एकदा ऐकून सोडून दिली. पुस्तिकेत सालं आहेत, पण वेगाबद्दल अवाक्षर नाही. मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यात तोंड घालून गावं लागे, व्हायोलिनलाही कर्णे लावत, यावर मात्र दोन पानं. हे कुणाला ठाऊक नाही?

टपालखर्च धरून या डब्याला जे मोजले, त्यात एक बरी पेटी दुरुस्त झाली असती. माझं सांगणं : नवा संच घेऊ नका. चौथ्या सीडीपासून पुढच्या सुट्या, जुन्या मिळाल्या तर जरूर घ्या. सुरुवातीच्या वर्षांसाठी, जुनी ध्वनिमुद्रणं दुरुस्त करणाऱ्या वॉर्ड मार्स्टननं तयार केलेल्या प्रती शोधा. त्या माणसानं पट्टीची काळजी घेतलीय, पेटीवर ताडून बघितलं. मी पहिल्या तीन सीडी संगणकावर घेऊन वेग स्वतःच उतरवतोय. विक्रेत्याला दुसरं पत्र गेलंय, या वेळी सोबत स्वरलिपीचं पान जोडून.