कादंबरीच्या खर्ड्याचे संपादकीय मूल्यमापन : एका सेवेचे परीक्षण

साडेचार वर्षे लिहीत असलेल्या कादंबरीचा तिसरा खर्डा पूर्ण झाल्यावर मी तो थेट प्रकाशकाकडे न पाठवता आधी एका व्यावसायिक संपादन सेवेकडे मूल्यमापनासाठी दिला. संहिता ९२,००० शब्दांची आणि ३१ प्रकरणांची होती. दोन भावांमधल्या घराच्या वाटणीची ती गोष्ट आहे आणि धाकट्या भावाची मुलगी ती सांगते. सहा आठवड्यांची मुदत ठरली होती. हाती आले ते असे : १४ पानांचा संपादकीय अहवाल, समासात नोंदी केलेली संपूर्ण संहिता आणि अहवाल वाचून झाल्यावर संपादकांशी पाऊण तासाचे बोलणे. ज्यांचा खर्डा तयार आहे आणि आता तो कोणाला दाखवावा, या विचारात जे आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

संपादन हा एकच शब्द आपण निरनिराळ्या कामांसाठी वापरतो आणि पैसे वाया जातात ते बहुधा तिथेच. पुस्तकाची रचना, पात्रे, निवेदन, गती यांचा एकूण विचार करून अहवाल देणे हे मूल्यमापन. वाक्यावाक्याची लय आणि नेमकेपणा पाहणे हे त्यानंतरचे काम. व्याकरण, शुद्धलेखन आणि तपशिलांतली सुसंगती तपासणे हे त्याच्याही पुढचे, आणि मुद्रितशोधन तर पाने जुळवून झाल्यावर करायचे. हा क्रम उलटला की पंचाईत होते, कारण जे प्रकरण उद्या समूळ काढून टाकावे लागणार आहे, त्यातले ऱ्हस्व-दीर्घ आज कोणीतरी मोबदला घेऊन सुधारत बसते. मी स्वतः सुरुवातीला भाषासंपादनच मागितले होते. संहितेची पहिली ३० पाने आणि कथासार वाचून या सेवेने मला कळवले की या टप्प्यावर मूल्यमापन घ्यावे, भाषेचे काम रचना पक्की झाल्यावर करावे. त्यांना जास्त मोबदला मिळवून देणारे काम त्यांनी आपणहून पुढे ढकलले, यावरून माझा विश्वास बसला.

अहवालाची पहिली दोन पाने संपादकांनी माझीच कादंबरी मला सांगण्यात खर्च केली होती. प्रथम मला हे अनाठायी वाटले, कारण गोष्ट मला ठाऊक होती. दुसऱ्यांदा वाचताना मात्र लक्षात आले की त्या दोन पानांत धाकटा भाऊ जेमतेम चार वाक्यांत येऊन जातो. ती कादंबरी त्याची आहे, असे मी चार वर्षे धरून चालले होते, आणि कागदावर ती थोरल्याची झाली होती. लेखकाच्या मनात काय आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाला संहितेत काय सापडते, ते या सारांशातून जितके स्वच्छ दिसले, तितके पुढच्या कोणत्याही सूचनेतून दिसले नाही. माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. संहिता वाचणाऱ्या मैत्रिणींकडून तो मिळत नाही, कारण त्या पानावर नसलेले आपल्याबद्दलच्या माहितीतून भरून काढतात आणि तेही प्रेमापोटी.

मग अहवालाने कारण दाखवले. थोरल्याचे सगळे महत्त्वाचे क्षण मी प्रसंग उभे करून लिहिले होते, संवादांसह, खोलीतल्या उजेडासह. धाकट्याचे मात्र ‘त्या वर्षी बाबांनी नोकरी सोडली’ अशा गोषवाऱ्याच्या वाक्यांतून उरकले होते. संपादकांनी प्रकरणवार तक्ताच जोडला होता : कोणत्या प्रकरणात कोण प्रत्यक्ष दिसतो, कोणाविषयी नुसते सांगितले जाते, किती काळ लोटतो. पाचव्या प्रकरणानंतर दोघे भाऊ एका खोलीत समोरासमोर येतच नाहीत, हे त्या तक्त्यात नुसत्या नजरेने दिसत होते. धाकट्याचे वय तिसऱ्या प्रकरणात ३४ आणि दोन वर्षांनंतरच्या अकराव्या प्रकरणात ३५ झाले होते, हेही तिथेच सापडले.

समासातली एक नोंद येथे जशीच्या तशी सांगते. सतराव्या प्रकरणात वाटणीच्या कागदांवर सह्या होतात, पण निवेदक मुलगी त्या वेळी शेजारच्या खोलीत असते. तिला आवाज ऐकू येतात, मग खुर्ची सरकल्याचा आवाज येतो आणि प्रकरण संपते. मला ते संयमित वाटत होते. संपादकांनी लिहिले : ‘सोळा प्रकरणे वाचक याच प्रसंगाची वाट पाहतो आहे आणि तो दाराआड घडला. मुलगी आत गेली नाही, हे तिच्या स्वभावातून आले आहे की लेखिकेला हा प्रसंग लिहायचा नव्हता? पहिले कारण असेल, तर दाराशी थांबण्याचा तिचा निर्णय आम्हाला दिसू द्या.’ नोंद एवढीच. प्रसंग कसा लिहावा याचा नमुना दिला नव्हता, पर्याय सुचवला नव्हता. उत्तर मला ठाऊक होते. तो प्रसंग मी तीन वेळा लिहायला घेतला होता आणि तिन्ही वेळा सोडून दिला होता.

चांगला संपादक प्रश्न नेमका विचारतो आणि लिहिण्याचे काम लेखकाकडेच ठेवतो. हार्पर ली यांनी १९५७ मध्ये लिपिनकॉट या प्रकाशन संस्थेकडे दिलेल्या संहितेत नायिका प्रौढ होती. संपादक टे होहॉफ यांच्या मार्गदर्शनाखाली लेखिकेने ती पुन्हा पुन्हा लिहिली आणि १९६० मध्ये ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ आली, लहान मुलीच्या नजरेतून सांगितलेली. तो आधीचा खर्डा २०१५ मध्ये स्वतंत्र पुस्तक म्हणून निघाला, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात. प्रत्येक खर्ड्याचे असे होत नाही, पण संपादकाच्या प्रश्नाचा पल्ला किती लांबचा असू शकतो, ते त्यावरून कळते.

आता तक्रारी. अहवाल ठरल्यापेक्षा १२ दिवस उशिरा आला आणि मी विचारेपर्यंत त्याबद्दल काही कळवले गेले नाही. हे मी क्षम्य मानते. दुसरी गोष्ट क्षम्य मानत नाही. संहितेच्या पहिल्या २१० पानांवर १६३ नोंदी होत्या, उरलेल्या १०८ पानांवर फक्त २२. शेवट इतका निर्दोष आहे, असे मला वाटत नव्हते आणि अहवालही तसे म्हणत नव्हता. मुदत जवळ आल्यावर वाचन घाईने झाले, हे उघड होते. बोलण्याच्या वेळी मी हे आकडे समोर ठेवले, तेव्हा संपादकांनी सबबी न सांगता मान्य केले, शेवटची नऊ प्रकरणे पुन्हा वाचली आणि दहा दिवसांत तीन पानांची पुरवणी पाठवली. पुरवणी उत्तम होती. ती मागावी लागली, हे मात्र नोंदवणे भाग आहे.

तिसरी तक्रार भाषेची. मूल्यमापनात भाषेला हात लावायचा नाही असे ठरलेले असूनही आजीच्या तोंडचे काही बोलीतले शब्द प्रमाणभाषेत बदललेले आढळले. वर्डमधली ‘ट्रॅक चेंजेस’ ही बदल खुणेसह दाखवणारी सोय सुरू असल्यामुळे प्रत्येक बदल दिसला आणि मला तो नाकारता आला. पण सगळे बदल एकदम स्वीकारण्याची सोयही त्याच वर्डमध्ये असते आणि थकलेला लेखक ती वापरतो. आजी जशी बोलते तशी ती बोलली नाही, तर घरातले तिचे स्थानच बदलते. म्हणून संहितेसोबत पात्रांच्या बोलीचे एक टिपण आधीच द्यावे, असे मी आता सुचवेन.

अहवाल आल्यावर तीन आठवडे मी संहिता उघडली नाही. पहिल्या वाचनात प्रत्येक सूचना चुकीची वाटली होती. दुसऱ्या वाचनात निम्म्या पटल्या. शेवटी ज्या सूचना मी नाकारल्या, त्या का नाकारल्या ते मला प्रत्येकीसमोर लिहिता आले. उदाहरणार्थ, पहिले प्रकरण काढून टाकावे ही सूचना मी मानली नाही, कारण त्यातली रिकामी खोली शेवटी परत येते. पण ती सूचना आली याचाच अर्थ शेवटी ती खोली वाचकाला आठवत नव्हती, म्हणून प्रकरण ठेवून मी शेवट बदलला. एकूण ११,००० शब्द गेले, दोन नवी प्रकरणे आली आणि दोघे भाऊ आता बाविसाव्या प्रकरणात एका टेबलाशी बसतात.

ज्यांचा खर्डा अजून अर्धा आहे, त्यांनी ही सेवा घेऊ नये. अपुऱ्या गोष्टीवरचा अभिप्राय लिहिणाऱ्याला मध्येच वळवतो. प्रकाशनाची हमी मिळेल या अपेक्षेनेही घेऊ नये, ती कोणताही प्रामाणिक संपादक देत नाही. ज्यांनी स्वतःच्या बळावर दोन-तीन वेळा संहिता पुन्हा लिहिली आहे आणि आता आपल्याला चूक दिसेनाशी झाली आहे, त्यांना मी ती मनापासून सुचवेन. पुढचा खर्डा मी याच संपादकांकडे पाठवणार आहे. या वेळी करारात दोन वाक्ये जास्त असतील : पात्रांच्या संवादांत बदल करायचा नाही, आणि वाचन दोन टप्प्यांत करून उत्तरार्धासाठी वेगळी मुदत ठरवायची.