पार्ल्याचं पाणी आणि नेपल्सचं रक्त

2012 मध्ये पार्ल्याला इर्ल्याच्या चर्चजवळ क्रूसावरच्या येशूच्या पायातून पाणी टपकायला लागलं, लोक तीर्थासारखं प्यायलेसुद्धा. चमत्कारांची तपासणी करणाऱ्या बुद्धिवादी सनल एडामारुकूंनी जाऊन बघितलं तर ड्रेनेज तुंबलेलं आणि ओल भिंतीतून वर चढत होती. एवढं साफ दिसत असूनही तक्रारी झाल्या त्यांच्यावरच, हे फार चुकीचं झालं. इटलीतल्या नेपल्सच्या संत जानुआरिउसचं म्हणून जपलेल्या रक्ताचं तसं नाही, तिथे कुपीतला सुका गोळा समारंभात पातळ होतो, 1991 मध्ये इटालियन केमिस्टनी फेरिक क्लोराइड, कॅल्शियम कार्बोनेट आणि मीठ वापरून असंच जेल बनवलं, ठेवलं की घट्ट आणि हलवलं की पातळ, पण मूळ कुपी कोणी उघडून तपासलीच नाही ना, म्हणून माझ्या मते पार्ल्याचं उत्तर जास्त पक्कं, नेपल्सचं फक्त शक्य.