बाही सैल केली, ती फक्त इस्त्रीने

माझ्या कुर्त्याची बाही दंडाला आवळत होती, हात वर नेला की काखेत ओढ बसायची. आतल्या शिवणीला माया, म्हणजे शिवणीपलीकडे राखलेलं जादा कापड, चांगली होती, म्हणून दुरुस्तीला टाकला. शिंप्याने उलटा करून पाहिला. म्हणाला, "ताई, माया सोडतो आणि काखेत चौकोनी जोड देतो. हात मोकळा फिरेल." जोडासाठी जपून ठेवलेला त्याच कापडाचा तुकडा मागून घेतला, मजुरी दोन्ही कामांची घेतली, तीही आगाऊ.

कुर्ता मिळाला तेव्हा कडक इस्त्रीतला, घालून पाहिला तर सैल. शिंपी घाईत, "हात खाली सोडा, बघा कसा बसलाय" एवढंच. पहिल्या धुण्यानंतर बाही पुन्हा होती तशी घट्ट.

मग उलटा करून पाहिला. माया सोडली की जुन्या टिपेच्या भोकांची रांग नव्या शिवणीशेजारी दिसते, आत दडलेलं कापडही जरा गडद, न विटलेलं असतं. इथे काखेजवळची बोटभर जागा वगळता यातलं काहीच नव्हतं. म्हणजे वाफेची इस्त्री मारून ओल्या कापडाला ताणलं होतं. धुतल्यावर ते परत आलं. काखेतला जोड तर नव्हताच.

खरा घात पुढे आहे. काम झाल्यासारखं दिसावं म्हणून त्याने आतून ओव्हरलॉक, म्हणजे कडेचे धागे सुटू नयेत म्हणून मशीनने घालतात ती शिलाई, मारला होता. त्या मशीनचं पातं शिवता शिवता कड कापत जातं, त्यामुळे माझी सगळी माया गेली. पैसे एक वेळ सोडून देईन, पण कापलेली माया कुठून आणू?

विचारायला गेले तर "धुताना आटलं" हे उत्तर. कितीदा धुतलेलं कापड आता नव्याने कसलं आटणार? तुकड्याचं विचारलं, तर तो म्हणे "कामात गेला".

दुसऱ्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी आता वेगळ्या कापडाची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी काखेपासून कोपरापर्यंत घातली आहे. हात फिरतो, पण जोड लांबून दिसतो.

कुणाला बाही सैल करायला द्यायची असेल तर आधी ती टेबलावर सपाट ठेवून दंडापाशी मोजा आणि आतल्या मायेचा फोटो काढा. दोन्ही कडांना १ सेंमी माया सोडली की घेर २ सेंमी वाढतो, म्हणजे सपाट माप १ सेंमीने वाढायला हवं. कच्च्या टाक्यावरच ट्रायल मागा, ओव्हरलॉक त्यानंतर. ट्रायलला हात डोक्यावर न्या, दुसऱ्या बाजूच्या खांद्याला लावून पाहा. हात खाली सोडून काखेचं काही कळत नाही. आणि कापलेल्या चिंध्या परत हव्यात हे कापड देतानाच सांगून ठेवा. नुसती माया सोडायची असेल तर चिंधी निघायलाच नको.